पाटी कोरी करू नका: कुठल्याही वयात नव्यानं उभं राहण्याची कृती

नाशिकमध्ये ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न साधारण ठरलेल्या वेळांना पडतो. सातपूर-अंबडच्या कंपनीत व्हीआरएसची (स्वेच्छानिवृत्तीची) नोटीस लागली की पडतो. मुलं पुण्या-बंगळुरूला निघून गेली आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दुपार सरता सरेना, की पडतो. लागोपाठ दोन हंगाम अवकाळीनं नेले की निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला पडतो. हल्ली तिशीतल्या पोरांनाही पडतो, फक्त ती तो रात्री दोन वाजता मोबाइलवर टाइप करतात.

कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात बरीच वर्षं काढल्यामुळे अशी माणसं माझ्याकडे बसायला येतात. बहुतेकांना दोनच सल्ले मिळालेले असतात: ‘आवडीचं काम कर’ आणि ‘या वयात कशाला नसत्या भानगडी?’ दोन्ही सल्ले देणाऱ्याला फुकट पडतात. माझं म्हणणं वेगळं आहे. नवं आयुष्य ठरवून सुरू होत नाही, करून बघून सुरू होतं. आणि करून बघायच्या आधी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात: हातातलं जुनं कसब आणि घरखर्चाचा खरा आकडा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: नेमकं काय नकोय ते शोधा

एक वही घ्या आणि दोन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा. आज कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, कशानं डोकं उठलं, कोणाशी बोलून बरं वाटलं, आणि अंगात त्राण कधी राहिलं नाही. मत लिहू नका, घडलेलं लिहा. ‘नोकरीला कंटाळलो’ हे मत झालं. ‘सकाळी साडेपाचला उठलो, स्टेशनवर धावलो, रात्री नऊला घरी आलो, मुलगी झोपली होती’ हे घडलेलं.

पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबई करणारे एक पासधारक गृहस्थ अकाउंट्सचं काम कायमचं सोडून ऑरगॅनिक भाजीपाला करायला निघाले होते. वही वाचल्यावर लक्षात आलं की त्यांच्या तक्रारी सगळ्या प्रवासाच्या आणि झोपेच्या होत्या. ताळेबंद जुळवताना ते मजेत असायचे. आज ते नाशिकमध्येच चार छोट्या कारखान्यांची जीएसटीची आणि हिशोबाची कामं बघतात. पगारापेक्षा थोडं कमी मिळतं, पण भाजीपाल्यात गेले असते तर कदाचित काहीच मिळालं नसतं.

काम, जागा, वेळ, माणसं आणि पैसा या पाचांपैकी काय बदलायचं आहे, ते आधी वेगळं काढा. पाचही एकदम बदलायचे असतील तर थोडं थांबा. बहुधा त्यामागे एखादा साहेबच असतो.

दुसरी पायरी: पदं नको, क्रियापदं लिहा

बायोडेटात आपण ‘सीनियर सुपरवायझर, २२ वर्षं’ असं लिहितो. नव्या क्षेत्रातल्या माणसाला यातून काहीच समजत नाही. त्याऐवजी हातानं काय काय केलं ते लिहा: शिफ्ट लावल्या, रिजेक्शन खाली आणलं, ऑडिटला कागद तयार ठेवले, नव्या पोरांना मशीनवर उभं केलं, संतापलेल्या कस्टमरला फोनवर शांत केलं.

आता ही यादी घेऊन जिल्ह्याकडे बघा. पिंपळगाव-दिंडोरीकडे द्राक्षांची पॅकहाउसेस आहेत. युरोपला जाणाऱ्या मालाचा माग अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत ठेवावा लागतो: कुठल्या बागेतला माल, औषधाच्या अंशाची तपासणी झाली का, कुठल्या खोक्यात गेला. कारखान्यात क्वालिटीला घासलेल्या माणसाला हे काम परकं नाही. फक्त बेअरिंगच्या जागी घड आहेत. वायनरी, रुग्णालयांची स्टोअर्स, अन्नप्रक्रियेचे छोटे कारखाने, सगळीकडे कागद आणि माणसं सांभाळणारं कोणीतरी लागतंच.

‘मी तर घरीच होते’ असं म्हणणाऱ्या ताईंनी ही यादी जास्त नेटानं करावी. भिशीचा हिशोब, सासऱ्यांच्या आजारपणात दवाखाना आणि मेडिक्लेमची धावपळ, पंचवीस माणसांचा स्वयंपाक वेळेत उरकणं, सोसायटीच्या पाण्याचं भांडण मिटवणं. बाहेर याच कामांना पगार मिळतो. यादी झाली की भाऊ, जुना सहकारी आणि शेजारी अशा तिघांना दाखवा आणि विचारा, ‘यात काय राहिलं?’ राहिलेलं नेहमी दुसऱ्यालाच दिसतं.

आपल्याच जिल्ह्यातलं मोठं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस छायाचित्रकार होता, चित्रकला शिकलेला होता, छपाईच्या धंद्यात होता, जादूचे प्रयोगही करायचा. भागीदारांशी पटेना म्हणून छपाई सुटली तेव्हा तो चाळिशीत होता. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तो त्रेचाळिसाव्या वर्षी. लोक याकडे शून्यातून केलेली झेप म्हणून बघतात, मला ते पटत नाही. कॅमेरा, रसायनं, रंगवलेले पडदे, हातचलाखी हे सगळं त्यांच्या हातात आधीपासून होतं. सिनेमानं ते एका जागी आणलं. आणखी एक: भांडवलदाराला पटवण्यासाठी त्यांनी आधी कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवतानाची छोटी फिल्म करून दाखवली. पूर्ण चित्रपट त्यानंतर. सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकून घेतली होती, हेही विसरू नये. इंग्लंडला जाण्यासाठी दादासाहेबांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या, तेवढं मात्र उचलू नका.

तिसरी पायरी: पैशाचा कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. महिन्याचा खर्च म्हणून आपण जो आकडा तोंडानं सांगतो, त्यात घरपट्टी, गाडीचा विमा, शाळेची फी, दिवाळी, लग्नातले आहेर हे कधीच नसतं. वर्षाची बेरीज करून तिला बारानं भागा. येईल तो तुमचा खरा आकडा.

तो आकडा गुणिले सहा, एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय चालू पगार सोडू नका. घरात दुसरी कमाई नसेल, किंवा गृहकर्ज चालू असेल, तर गुणिले बारा. ही रक्कम एफडीत किंवा बचत खात्यात असावी. शेअर्समध्ये नको आणि मेहुण्याकडे तर नकोच.

नोकरी सोडताना काय हातात येतं तेही नीट माहीत हवं. पाच वर्षं सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. पगार व भत्ता मिळून २६ हजार आणि नोकरी २० वर्षं असेल तर ३ लाख रुपये होतात. कंपनीकडून हा हिशोब लेखी मागून घ्या. पीएफच्या पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते आणि ती वयाच्या ५८ व्या वर्षापासून पूर्ण मिळते. पन्नाशीनंतर आधीच सुरू करता येते, पण जितकी वर्षं लवकर घ्याल त्यातल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते. धंद्याला भांडवल हवं म्हणून पंचावन्नाव्या वर्षी हा पर्याय धरणाऱ्यांना मी दोनदा विचार करायला सांगतो. निवृत्तीची किंवा व्हीआरएसची रक्कम आलेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठऐवजी ५५ पासूनही पैसे ठेवता येतात, कमाल ३० लाख. मात्र रक्कम हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत.

आणि आरोग्य विमा. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. पन्नाशीत बीपी-शुगर असताना नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनाम्याआधीच त्याच विमा कंपनीला विचारा की ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत येता येईल का आणि थांबण्याचा झालेला काळ धरला जाईल का. नंतर विचारून उपयोग नसतो.

चौथी पायरी: घरात बोलायचं कसं

‘मी नोकरी सोडतोय’ असं जेवताना जाहीर करू नका, आणि ‘सोडू का?’ अशी परवानगीही मागू नका. पहिल्यानं भांडण होतं, दुसऱ्यानं सगळी जबाबदारी समोरच्यावर पडते. मुदत आणि मर्यादा घेऊन बोला: ‘सहा महिने, शनिवार-रविवार, चाळीस हजारांच्या आत. दसऱ्याला दोघं बसून ठरवू.’ मग ‘अहो, पण हप्त्याचं काय?’ या प्रश्नाला तिसऱ्या पायरीचा कागद पुढे करता येतो.

बायकांच्या बाबतीत खरी अडचण पैशाची नसतेच, वेळेची असते. ‘कर ना, कोण नाही म्हणतंय?’ म्हणणाऱ्या घरात संध्याकाळी सातची पोळीभाजी कोण करणार हे कोणी बोलत नाही. तेच आधी ठरवा. वार ठरवा, माणूस ठरवा, फ्रिजवर कागद लावा. हे न ठरवता सुरू केलेले क्लास आणि टिफिन दोन महिन्यांत बंद पडलेले मी पाहिले आहेत, आणि नंतर घर म्हणतं, ‘तिलाच जमलं नाही.’

नातेवाइकांसाठी एक वाक्य तयार ठेवा. औरंगाबाद रोडवरच्या लॉन्सवर लग्नात काका विचारणारच, ‘सध्या कुठे?’ ‘सध्या एक काम शिकतोय, दिवाळीनंतर सांगतो’ एवढं पुरतं.

पाचवी पायरी: छोटी चाचणी

चाचणीला तीन अटी असतात. खर्चाची कमाल मर्यादा आधी ठरलेली हवी. निर्णयाची तारीख लिहिलेली हवी. आणि अनोळखी माणसानं पैसे मोजलेले हवेत. नात्यातल्यांनी ‘वा, झकास!’ म्हणणं यात धरत नाहीत.

मिसळीचं हॉटेल काढायचंय? नाशिकमध्ये हे स्वप्न प्रत्येक गल्लीत एकाला असतं. आधी ओळखीच्या हॉटेलात महिनाभर पहाटे पाचला भटारखान्यात उभे राहा. तर्रीची कृती शिकण्यासाठी नव्हे. कामगार न आल्यावर काय होतं, उरलेल्या उसळीचं काय करतात आणि रविवारची गर्दी मंगळवारी कुठे जाते, हे बघण्यासाठी. मग सोसायटीत एका रविवारी वीस प्लेटची ऑर्डर घ्या, पैसे आगाऊ घ्या, आणि गॅस, पाव, डबे, स्वतःची मजुरी धरून हिशोब मांडा. मजुरी न धरता आलेला नफा हा नफा नसतो.

शिकवायचं असेल तर दोन मुलांना दोन महिने फी घेऊन शिकवा. हातानं केलेल्या वस्तू असतील तर गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात एखाद्या विक्रेत्याशेजारी बसा. गिऱ्हाईक भाव कसा पाडतं ते तासाभरात समजेल. दुसऱ्या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर आठवड्यातून एक दिवस तिथे बिनपगारी मदत करा, पण महिनाभरच. त्यापुढे फुकट राबणं म्हणजे चाचणी नव्हे.

सिंहस्थाबद्दल वेगळं लिहितो, कारण सध्या निम्मे लोक त्याच बेतात आहेत. २०१५ नंतर आता २०२६-२७ चं सिंहस्थ. होमस्टे, गाड्या, खानावळ, पूजासाहित्य यांत पैसा येईल यात शंका नाही. पण बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वणीवर आयुष्याची दिशा ठरवायची नसते. एकच प्रश्न विचारा: एखाद्या साध्या जुलैत, पाऊस चालू आणि पर्यटक नाहीत, तेव्हा हे काम घरखर्चाच्या आकड्याच्या निम्मे तरी देईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर सिंहस्थात खुशाल कमवा, पण त्यासाठी कर्ज काढून खोल्या बांधू नका.

सहावी पायरी: शिकायचं काय, आणि वयाची अट खरंच कुठे आहे

आधी हे विचारा की तुम्हाला काम देणारा हे प्रमाणपत्र मागतो का. त्या क्षेत्रातल्या तिघांना विचारा. तिघंही ‘काम येतं का बघतो’ म्हणाले, तर लाखभर रुपयांचा कोर्स लावू नका, काम शिका.

प्रमाणपत्र लागतच असेल तर वयाच्या नावानं बंद वाटणारी बरीच दारं प्रत्यक्षात उघडी आहेत. आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. त्र्यंबक रोडच्या आयटीआय सिग्नलवरून रोज जाणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसालाही वेल्डिंग किंवा इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला अर्ज करता येतो. दहावी-बारावी राहिली असेल तर राज्य मंडळाचा बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म किंवा एनआयओएस हे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. पदवीसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, मुख्यालय आपल्याच गंगापूर धरणाजवळ, आणि मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. एलएलबीच्या राज्य सीईटीलाही वरची वयोमर्यादा नाही. फुकट चव घ्यायची असेल तर ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्सेस बघा. शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला थोडी फी.

मर्यादा आहे ती इथे: एमपीएससीला खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. चाळिशीच्या उंबरठ्यावर असाल तर हे आधी तपासा.

अभ्यास कसा करायचा? विशीत आपण वाचून वाचून पाठ करायचो. आता ते चालत नाही आणि खरं तर तेव्हाही फारसं चालत नव्हतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की वाचलेलं पहिल्या एक-दोन दिवसांत झपाट्यानं विसरतं आणि मधे अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते. म्हणून पुस्तक मिटून आठवेल ते लिहा, मग उघडून तपासा. हेच दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं करा. घरात टीव्ही असेल तर १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय किंवा जवळची एखादी अभ्यासिका गाठा. पोरांमध्ये बसायला पहिले चार दिवस लाज वाटते. आणि चाळिशी ओलांडली असेल तर आधी चष्म्याचा नंबर काढून घ्या. ‘डोक्यात शिरत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्यांना अक्षरच नीट दिसत नसतं.

एकवीस दिवसांत सवय लागते, ही थाप सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक पडला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणजे गणपतीत आठवडा वाया गेला म्हणून वही माळ्यावर टाकायचं कारण नाही.

सातवी पायरी: लांबच्या ओळखी

मार्क ग्रॅनोवेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली मांडलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्या मित्राकडून कळली नव्हती. अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण साधं आहे. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर हात दाखवणारे, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाला बोलणारे, निमा किंवा आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमात कार्ड दिलेले, हे लोक इथे कामाचे.

त्यांना ‘काही असेल तर सांगा’ असं लिहू नका, त्यावर कोणी काही सांगत नाही. असं लिहा: ‘दादा, नमस्कार. मी अंबडला क्वालिटीमध्ये आहे. फूड प्रोसेसिंगकडे वळायचा विचार आहे. तुमची वीस मिनिटं मिळतील का? नोकरी मागायला येत नाही, काम कसं चालतं ते समजून घ्यायचंय.’ भेटल्यावर शेवटी एवढंच विचारा, ‘आणखी कोणाला भेटू?’ आठवड्याला एक भेट धरली तर तिमाहीत त्या क्षेत्राची खरी माहिती हाताशी येते.

वय लपवू नका. तिशीतला मॅनेजर समोर असेल तर ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द मात्र घरी ठेवून जा, आणि त्याला ‘सर’ म्हणताना जीभ अडखळणार नाही याची तयारी करा. हे छोटं वाटतं, पण पन्नाशीनंतर निम्म्या मुलाखती इथेच फिसकटतात.

धंदाच करायचा असेल तर थोडे कागद

उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि मोफत होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्याला नमस्कार करा. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली फक्त सूचना द्यावी लागते. खाण्याचं काम असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घरगुती डब्यालाही लागते. कर्जासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात १८ च्या पुढे वरची वयोमर्यादा नाही. तो फक्त नव्या उद्योगाला आहे आणि गट व जागेनुसार १५ ते ३५ टक्के अनुदान असतं. जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा. एजंटाच्या फाइलमधला प्रकल्प अहवाल बँकेचा अधिकारी पहिल्या पानावर ओळखतो. मुद्रा कर्जात ५० हजारांपर्यंतचा शिशु गट चाचणीनंतरच्या पहिल्या पायरीला पुरतो.

नव्यानं काही शोधणारा माणूस हे फसवणाऱ्यांचं आवडतं गिऱ्हाईक असतं. नोकरीसाठी ‘रिफंडेबल डिपॉझिट’, घरबसल्या लाइक करून पैसे, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाला कोर्स, यांपैकी काहीही समोर आलं आणि आजच पैसे भरायची घाई असली, की फोन ठेवून द्या.

ठरवायचा दिवस

लिहिलेली तारीख आली की वही, हिशोब आणि घरातलं माणूस, तिघं एका टेबलाशी. अनोळखी गिऱ्हाईक परत आलं का? मजुरी धरून उरलं का? थकून आल्यावरही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं का? दोन उत्तरं ‘हो’ असतील तर मुदत आणखी तीन महिने वाढवा, मर्यादा थोडी वाढवा, नोकरी चालू ठेवा. तिन्ही ‘हो’ असतील आणि तिसऱ्या पायरीची रक्कम बाजूला असेल तर नोटीस द्या. एक किंवा शून्य असेल तर ती चाचणी बंद करा, पण यादी फाडू नका. दुसऱ्या पायरीच्या यादीतली पुढची दोन क्रियापदं घेऊन महिन्याभरानं दुसरी चाचणी लावा.

नोटीस देण्याआधी एवढं हाताशी असू द्या: विमा कंपनीचं लेखी उत्तर, यूएएनमध्ये (पीएफच्या कायम क्रमांकात) बँक खातं आणि नाव जुळल्याची खात्री, मागच्या तीन वर्षांचे फॉर्म १६ आणि पगाराच्या स्लिपा स्वतःच्या ईमेलवर. निघताना रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र सहीशिक्क्यानिशी घ्या, आणि दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली का ते बघा. भरली नसेल तर एचआरला ईमेल करा. तोंडी आठवण करून देण्यावर भागवू नका.